परदेशी नंबरची बाईक पावसाळाभर ठेवायची तर

एप्रिल संपत आला की या सदराकडे एकाच विषयावरची पत्रं जमायला लागतात. उत्तर गोव्यातल्या हरमल, मांद्रे, आसगाव, शिवोली या पट्ट्यात स्वतःची मोटरसायकल घेऊन आलेले युरोपातले पाहुणे असतात, कुणी चालवत आलेला, कुणी बोटीने पाठवून मुंबईत उतरवून घेतलेली, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी ते विमानाने घरी जातात पण गाडी मात्र इथंच कुणाच्या तरी अंगणात ठेवून जायचं म्हणतात. दुसऱ्या बाजूने आपलीही मुलं आता जीए नंबरच्या गाड्या घेऊन बाहेर निघालीत, त्यांचाही प्रश्न तोच, फक्त उलटा. त्यातली काही पत्रं इथे घेतलीत.

प्रश्न (शिवोलीहून): आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने देतो. जानेवारीपासून एक जर्मन पाहुणा राहतोय, भला माणूस आहे, स्वतःची मोठी बाईक घेऊन आलाय, नंबरप्लेट जर्मनीचीच. मेमध्ये तो घरी जाणार आणि ऑक्टोबरच्या शेवटी परत येणार, तोपर्यंत गाडी आमच्या मागच्या शेडमध्ये ठेवा, महिन्याला पैसे देतो म्हणतो. आमचे मिस्टर म्हणतात ठेवू, त्यात काय. मला भीती वाटते, पोलीस आले तर? आणि तो परत आलाच नाही तर?

उत्तर: ताई, तुमची भीती रास्त आहे, फक्त पोलिसांच्या आधी तारखेची काळजी करा. ही गाडी भारतात शुल्क न भरता आलीय, कार्नेट नावाच्या पुस्तिकेवर. जर्मनीत ही पुस्तिका एडीएसी ही वाहनचालकांची संस्था देते, आणि देताना मालकाकडून हमी म्हणून अनामत किंवा बँक गॅरंटी घेते, कारण गाडी ठरलेल्या मुदतीत भारताबाहेर गेली नाही तर आपलं कस्टम त्या हमीवर शुल्क मागू शकतं. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक आत येताना कस्टमवाले फाडून ठेवतात, दुसरा बाहेर जाताना फाडतात, तिसरा पुस्तिकेतच राहतो आणि त्याच्यावर येण्याचा आणि जाण्याचा असे दोन शिक्के पडतात. जाण्याचा शिक्का पडत नाही तोवर सरकारच्या लेखी गाडी भारतातच आहे.

आता मुदत. आपल्याकडे १९७६ च्या कस्टम अधिसूचनेखाली अशा गाडीला सहा महिने मिळतात. गाडी रस्त्यावर फिरते की शेडमध्ये झाकून उभी आहे याच्याशी त्या सहा महिन्यांचं काही देणंघेणं नाही, मालक जर्मनीत जाऊन बसला म्हणून दिवस मोजणं थांबत नाही. समजा शिक्का १५ जानेवारीचा आहे, तर मुदत १५ जुलैला संपते, म्हणजे ऐन पावसात, पाहुणा तिकडे आणि गाडी तुमच्या घरी. वरून आणखी एक गोष्ट आहे जी बरेच पाहुणेसुद्धा विसरतात, कार्नेट पुस्तिका स्वतःच एक वर्षाची असते आणि ते वर्ष भारतात आल्यापासून नाही, पुस्तिका दिल्यापासून धरतात. तो गेल्या सप्टेंबरात घरून निघाला असेल तर तो ऑक्टोबरात परत येईल तेव्हा पुस्तिकाही संपलेली असेल. म्हणून पहिलं काम हे करा, त्याला चहाला बोलवा आणि पुस्तिका समोर ठेवायला सांगा. दोन तारखा बघा, कव्हरवरची शेवटची तारीख आणि आत येण्याच्या शिक्क्याची तारीख.

मुदत वाढवून मिळते, पण ती मागावी लागते आणि मुदत संपायच्या आधी मागावी लागते. पुस्तिकेची मुदत त्याच्या तिकडच्या संस्थेच्या संमतीने वाढते, गाडीच्या इथल्या मुक्कामाची मुदत आपलं कस्टम वाढवतं. यात मदत करणाऱ्या संस्था आपल्याकडेही आहेत, मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन त्यातली जुनी, १९१९ पासूनची. हे सगळं तो इथं असतानाच झालं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पासपोर्ट त्याचा, सही त्याची, गाडी त्याची, तो तिकडे गेल्यावर तुमचे मिस्टर त्याच्या वतीने ऑफिसांच्या पायऱ्या झिजवणार, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न येणार की तुम्ही कोण. वाढवलेल्या मुदतीचा कागद हातात पडल्याशिवाय शेडची चावी देऊ नका. मुदतवाढ नाहीच मिळाली तर त्याला जायच्या आधी गाडी देशाबाहेर न्यावी लागेल. काहीजण नेपाळला नेऊन ठेवतात, पण तिथेही कार्नेट लागतंच आणि गोव्याहून नेपाळच्या सरहद्दीवरची सोनौली म्हणजे दोन हजारांच्या आसपास किलोमीटर, तेही मे महिन्याच्या उन्हात, तेव्हा हा निर्णय शेवटच्या आठवड्यात घ्यायचा नाही.

पोलिसांचं म्हणाल तर अंगणात कुणाची गाडी उभी असणं हा गुन्हा नाही. पण विचारणा झाली तर तुमच्याकडे उत्तर हवं आणि ते कागदावर हवं. एका साध्या कागदावर लिहून घ्या, गाडी कुणाची, नंबर, चॅसिस नंबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, महिन्याचे पैसे किती, किल्ली कुणाकडे, आणि गाडी कुणीही चालवणार नाही. किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, आधीचे ओरखडे दिसले पाहिजेत. पासपोर्टची, त्याच्या देशाच्या नोंदणीपत्राची आणि कार्नेटच्या शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स ठेवा. मूळ कार्नेट मात्र ठेवून घेऊ नका, त्याच्यापाशीच राहू दे, आपल्याकडे जुलैत कपाटातले कागद कसे होतात ते तुम्हाला सांगायला नको. या सगळ्याची एक प्रत जवळच्या पोलीस स्टेशनला अर्जासोबत देऊन पोच घ्या. असं केलंच पाहिजे असा नियम आहे म्हणून सांगत नाही, पण उद्या गाडी चोरीला गेली किंवा शेडवर माड पडला तर हाच कागद तुमच्या कामी येतो. चोरी झाली तरी कस्टमची मागणी आपोआप सुटत नाही, गाडी कुठे गेली ते दाखवावं लागतं, आणि त्यासाठी लगेच केलेली पोलीस तक्रार लागते. मोडून गेली तर ती भंगारवाल्याला द्यायची नाही, कस्टमला कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे करायचं.

परत आलाच नाही तर? शुल्काची मागणी त्याच्या हमीवर जाते, तुमच्यावर नाही. पण गाडी तुमच्या शेडमध्ये राहते आणि तुम्हाला ती विकता येत नाही, चालवता येत नाही, रस्त्यावर काढून टाकता येत नाही. म्हणून कागदात एक ओळ आणखी घाला, अमुक तारखेपर्यंत मी आलो नाही तर घरमालक कस्टमला कळवतील आणि गाडी त्यांच्या ताब्यात देतील. भला माणूस असेल तर यावर सही करायला त्याला काहीच अडचण नसावी. त्यालाही एक सांगा, पैसे वाचवायला गाडीची नोंदणी जर्मनीत रद्द करून येऊ नकोस. २०२२ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे परदेशी खाजगी गाडीसोबत चालू नोंदणीपत्र, लायसन्स किंवा आंतरराष्ट्रीय परमिट, विमा आणि त्याच्या देशात लागत असेल तर प्रदूषणाचा दाखला हवा, आणि हे इंग्रजीत नसेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडलेलं हवं.

प्रश्न (मांद्र्याहून): कागद सगळे झालेत, मुदतही वाढवून मिळालीय. आता प्रत्यक्ष गाडी चार महिने कशी ठेवायची? आमची शेड समुद्रापासून जवळ आहे, पाहुणा मोठी प्लास्टिकची ताडपत्री देऊन गेलाय आणि दर आठवड्याला स्टार्ट करा म्हणाला.

उत्तर: दादा, ताडपत्री गाडीवर नको, शेडच्या उघड्या बाजूला बांधा जिथून झड येते. प्लास्टिक थेट गाडीवर घातलं की आतली ओल आतच राहते, वर खाऱ्या हवेचा मीठ बसलेला थर, आणि सप्टेंबरात काढाल तेव्हा नट, स्पोक, सायलेन्सर सगळ्यावर गंज. गाडीवर जुनी सुती चादर किंवा हवा जाणारं कव्हर घाला.

त्याच्याही आधी गाडी गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात पूर्ण सुकवा, हे मेमध्येच, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी सामान भरून ठेवायच्या गडबडीत राहून जातं आणि मग ऊनच मिळत नाही. चेनला दाट तेल, उघड्या लोखंडी भागांना ऑइलचा हलका हात, पण ब्रेकच्या डिस्कला आणि टायरला चुकूनही तेल लागू देऊ नका. जमीन चिऱ्याची किंवा शेणाने सारवलेली असेल तर खाली फळी टाका आणि गाडी मधल्या स्टँडवर घ्या, टायरमध्ये हवा थोडी जास्त.

पेट्रोलचं नीट ऐका. आता आपल्या पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकी अर्धी ठेवली तर वरच्या मोकळ्या जागेतली दमट हवा आणि पेट्रोल चार महिने एकत्र, मग पाणी खाली बसतं आणि लोखंडी टाकी आतून गंजते. म्हणून लोखंडी टाकी काठोकाठ भरा आणि पेट्रोल टिकवायचं औषध मिळतं ते घालून पाच दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते आतपर्यंत पोचतं. जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका, ते सुकून चिकट होतं आणि आतली पेट्रोलची बारीक भोकं, म्हणजे जेट, तुंबतात. भरलेली टाकी घरात म्हणजे आगीची जोखीम हेही लक्षात ठेवा, त्याच शेडमध्ये चूल किंवा इन्व्हर्टर नको.

दर आठवड्याला दोन मिनिटं स्टार्ट करून बंद करणं हे सगळ्यात वाईट. इंजिन पुरतं तापत नाही, जळताना तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं आणि बॅटरीही भरत नाही. त्यापेक्षा बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवा, महिन्यातून एकदा व्होल्ट बघा आणि १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा. लिथियमची असेल तर साध्या चार्जरवर लावू नका, मालकाला विचारा. सायलेन्सरचं तोंड कापडाने बंद करा, कुंभारमाशी आत मातीचं घर करते आणि ते ऑक्टोबरात कळतं. उंदरांसाठी डांबर गोळ्या सीटखाली आणि वायरिंगजवळ, आणि पंधरा दिवसांनी एकदा चादर उचलून बघणं, बस. सायलेन्सरमध्ये बोळा घातलाय अशी हँडलला चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर तो आला की उत्साहात तसाच स्टार्ट मारतो.

प्रश्न (डिचोलीहून): माझा पुतण्या ब्रिटनमध्ये स्विंडनला असतो, पंधरा वर्षं झाली. त्याला तिकडची बाईक इथे आणायची आहे, दोन महिन्यांत गोवा ते लडाख फिरायचं आणि मग गाडी आमच्याकडे ठेवून पुढच्या वर्षी परत. जमेल का?

उत्तर: काका, जमेल, पण मला तो सल्ला द्यावासा वाटत नाही. कायद्याची बाजू आधी. कार्नेटमागचा १९५४ चा न्यूयॉर्कचा करार नागरिकत्वापेक्षा माणूस राहतो कुठे ते बघतो, म्हणजे मुलगा आपला असला तरी त्याचं कायमचं घर तिकडे आहे हे त्याच्या कागदांतून दिसलं पाहिजे. आणि तो गेल्यावर तुम्ही किंवा तुमच्या मुलाने ती गाडी बाजारापर्यंतही न्यायची नाही, इथे राहणाऱ्या माणसाने ती चालवली की सवलतीची अट मोडते, भाड्याने देणं तर दूरच.

वाट म्हणाल तर रस्त्याने येणं सध्या सोडून द्या. इराण, पाकिस्तान करून अटारीला यायचा जुना रस्ता होता, पण एप्रिल २०२५ मध्ये अटारीची चौकी बंद करायचा निर्णय झाला, आणि म्यानमारची बाजू २०२१ च्या लष्करी बंडानंतर अशा प्रवाशांसाठी भरवशाची राहिलेली नाही. उरली बोट किंवा विमान. म्हणजे क्रेट, भाडं, बंदरावर क्लिअरिंग एजंट, गाडी सुटेपर्यंत मुंबईत मुक्काम, आणि दोन महिन्यांच्या रजेतले किती दिवस त्यातच जातील ते आधी सांगता येत नाही. पुढे वर्षभर ठेवायचं तर तेच सहा महिन्यांचं बंधन, आणि वरून ब्रिटनचा नियम असा की गाडी १२ महिने किंवा जास्त देशाबाहेर राहणार असेल तर ती कायमची बाहेर गेली असं डीव्हीएलए या तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. तिथली एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणीही इथे करून मिळत नाही.

एवढं करण्यापेक्षा तुमच्या नावावर इथलीच एखादी चांगली वापरलेली गाडी घ्या. गोव्यातली काळ्या प्लेटवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची गाडी लडाखला नेऊ नका, लेहच्या स्थानिक संघटना बाहेरच्या भाड्याच्या बाईक तिथे फिरू देत नाहीत आणि वाटेत अडवतात. खाजगी नंबरची, आरसी तुमच्या नावावर, तुमचं संमतीपत्र आणि त्याचं आंतरराष्ट्रीय परमिट, एवढ्यावर तो निवांत फिरेल आणि पुढच्या वर्षी गाडी तुमच्याच दारात असेल.

प्रश्न (फोंड्याहून): मी उलट्या बाजूचा. जीए ०५ नंबरची माझी बाईक घेऊन युरोपात जायचं आहे, पण रजा सलग मिळत नाही. पहिल्या वर्षी तिथे गाडी ठेवून परत यायचं आणि दुसऱ्या वर्षी पुढचा टप्पा. कुठे ठेवू?

उत्तर: तुझ्या पत्रातली तयारी वाचून आनंद झाला, नकाशा छान आखलायस, फक्त त्यात गाडीचं कॅलेंडर वेगळं मांड. युरोपीय संघात बाहेरच्या माणसाची खाजगी गाडी शुल्काशिवाय बारा महिन्यांत सहा महिने राहू शकते. तुझा स्वतःचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवसांचा. म्हणजे तू तीन महिन्यांनी घरी येशील, गाडीला आणखी तीन महिने उरतील, पण तू पुढच्या उन्हाळ्यात जाशील तोवर ते कधीच संपलेले असतील. गॅरेजमध्ये कुलूप लावून ठेवली तरी हिशोब तोच. संघातून बाहेर पडताना हे विचारतात आणि दंडासह शुल्क लागू शकतं. संघात कार्नेटची गरज नसते, त्यामुळे तिथे शिक्का नाही म्हणजे नोंदच नाही असं काहीजण समजतात. कुठून आत आलास त्याचा कागद जपून ठेव.

तुर्कीत परदेशी गाडीला संघापेक्षा बरीच मोठी मुदत मिळते म्हणून बरेच प्रवासी इस्तंबूलच्या आसपास गाडी ठेवतात. पण तिथे गाडी आत येताना तिची नोंद तुझ्या पासपोर्टशी जोडली जाते, आणि कस्टमकडे जाऊन रीतसर कागद न करता तू एकटा विमानतळावर गेलास तर तिथे अडवतात. विमानाच्या आधी दोन दिवस त्यासाठी मोकळे ठेव. दक्षिण अमेरिकेत कधी जाशील तर उरुग्वेत बारा महिने मिळतात, म्हणून तिकडचे लोक तिथे गाड्या ठेवतात.

विम्याचं विसरू नकोस. आपली पॉलिसी जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजाऱ्यांपुरती वाढवून मिळते, त्यापलीकडे ती चालत नाही, आणि एका देशाचा विमा दुसऱ्या देशात चालवून घेणाऱ्या युरोपच्या ग्रीन कार्ड व्यवस्थेत भारत नाही, त्यामुळे सरहद्दीवर तिथला विमा घ्यावा लागतो. तो चालवण्यापुरता असतो, उभ्या गाडीच्या चोरीसाठी जागेच्या मालकाला स्वतंत्र विचार आणि लेखी घे. आंतरराष्ट्रीय परमिट वर्षभराचंच असतं, दुसऱ्या टप्प्याआधी आरटीओतून नवं काढ. तुझं कार्नेटही वर्षाचंच, आणि तुझी हमी इथे अडकलेली असते ती गाडी परत येऊन भारतात शिक्का पडल्यावरच सुटते. कुठल्या देशात बाहेरचा शिक्का राहून गेला तर घाबरू नकोस, गाडी घरी आल्यावर ती कस्टमला दाखवून हजर असल्याचा दाखला पुस्तिकेतल्या त्यासाठीच्या पानावर भरून घेता येतो.

प्रश्न (हणजुण्याहून): आमच्याकडे राहणारा फ्रेंच पाहुणा परत जाताना बाईक मलाच देतो म्हणतो, फार स्वस्तात. एकजण म्हणाला पेपर करून देतो. घेऊ का?

उत्तर: नको. कार्नेटवर आलेली गाडी विकण्यासाठी आलेलीच नसते. वापरलेली गाडी रीतसर आयात करायची तर ती बनून तीन वर्षांच्या आतली असावी लागते, मुंबई बंदरातूनच यावी लागते, आणि शुल्क भरल्यावर स्वस्त काही उरत नाही. पेपर करून देतो म्हणणारा तुला दुसऱ्याच कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीचा नंबर देणार, आणि चॅसिस नंबर जुळला नाही की १९६२ च्या कस्टम कायद्याखाली गाडी जप्त, पैसे गेले, तुझ्यावर केस वेगळी. त्या फ्रेंच माणसालाही नुकसान आहे, त्याच्या पुस्तिकेवर बाहेरचा शिक्का कधीच पडणार नाही आणि तिकडे त्याची हमी जाईल. बहुतेक हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं, तू सांग. आणि म्हापशाला जुन्या गाड्यांकडे एक चक्कर मार, जीए नंबरची, आरसी आणि विमा चालू असलेली बघ.